गोवळकोंड्याचा ध्वनी-प्रकाश खेळ: कधी जावं, कुठे बसावं, काय खरं मानावं

मूसाकाठ

हैदराबादला दोन दिवस आहेत, तर गोवळकोंडा चढायचा की रात्रीचा लाइट अँड साउंड शो तेवढा बघून यायचं, हा प्रश्न दर दिवाळीच्या सुट्टीआधी कुणीतरी विचारतंच, आणि उत्तरं चार ठिकाणी विखुरतात. ती एका जागी असावीत म्हणून हा धागा. भर घाला, जिथे पटणार नाही तिथे वाद घाला.

थोडक्यात सांगायचं तर दोन्ही एकाच दिवशी, आधी किल्ला आणि मग खेळ. निवेदक बालाहिसार (टेकडीवरचा बालेकिल्ला) म्हणतो, रामदासाची कोठडी म्हणतो, अंबरखाना म्हणतो, आणि प्रकाश कुठल्यातरी कमानीवर दोन क्षण पडून विझतो. दिवसा तिथून चालून आलेल्याच्या डोळ्यापुढे ती जागा उभी राहते. न गेलेल्याला लाल भिंत, निळी भिंत आणि मागे घोड्यांच्या टापा. अर्ध्या तासात तो मोबाइल काढतो. 'बोअर आहे' म्हणणारे बहुतेक या दुसऱ्या गटातले असतात.

वेळेचं गणित असं: दुपारी तीनच्या सुमारास आत शिरावं. पुरातत्त्व खात्याचं किल्ल्याचं तिकीट वेगळं, संध्याकाळच्या खेळाचं वेगळं. एकावर दुसरं चालत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास शिट्ट्या मारत किल्ला रिकामा करतात, म्हणून बाहेर येऊन खेळाच्या रांगेत लागायचं. मधल्या वेळात चहा, स्वच्छतागृह, आणि मुख्य म्हणजे हातापायांना डासांचं मलम. हे मलम विसरू नका. गवत, दगडांच्या सांदी, साचलेलं पाणी आणि अंधार. डासांना आणखी काय लागतं?

प्रेक्षक राणीमहालाच्या भग्न कमानींसमोर उघड्यावर बसतात, वर बालाहिसारची टेकडी. खेळ साधारण तासाभराचा. रोज सहसा दोन होतात, पहिला इंग्रजी आणि दुसरा हिंदी किंवा तेलुगू. कुठल्या वारी कुठली भाषा हे बदलत राहतं, तेव्हा त्या दिवशी खिडकीवरच विचारावं. हा खेळ गाजला तो अमिताभ बच्चन यांचं निवेदन आणि जगजित सिंग यांचा आवाज यांमुळे.

शमिका_पुणे

छान धागा. बरोबर सासूबाई (वय ७२, गुडघ्याचा त्रास) आणि पाच वर्षांचा मुलगा आहे. ३६० पायऱ्या आहेत असं वाचलं. त्यांना खालीच थांबवून नंतर खेळाला आणता येईल का?

तटबंदी

@शमिका_पुणे, येईल. खेळाची जागा पायथ्याशी आहे, टेकडी चढावी लागत नाही. पायथ्यालाच बघण्यासारखं इतकं आहे की सासूबाईंचे दोन तास सहज जातील. बालाहिसार दरवाज्याचा घुमट, उजवीकडचा हमाम, नगिनाबाग, अक्कण्णा-मादण्णांच्या (शेवटचा कुतुबशाही सुलतान तानाशहा याच्या मंत्र्यांच्या) कचेऱ्या म्हणून दाखवतात ती दालनं, आणि राणीमहाल. यातलं सगळं सपाटीवर आहे, पण सपाटी म्हणजे फरसबंदी नव्हे. दगड वर-खाली आहेत. खेळ संपल्यावर एकदम शे-दीडशे माणसं त्याच वाटेने बाहेर पडतात आणि उजेड बेताचा असतो. बॅटरी जवळ ठेवा, आणि आजींना घेऊन गर्दी ओसरेपर्यंत पाच मिनिटं बसून राहा. घाईत पाय मुरगळतो तो इथेच.

पायऱ्या ३६० धरून चाला, उंची सुमारे १२० मीटर. सावकाश गेलं तर चढायला पाऊण तास. अंबरखान्यापाशी थांबून दम घ्यावा. तिथे १६४२ चा फारसी शिलालेख आहे, अब्दुल्ला कुतुबशहाच्या काळातला. पुढे मशीद, महाकालीचं देऊळ, आणि माथ्यावर बारादरी. उतरताना दुसरी वाट धरायची, ती राणीमहालाच्या अंगाला उतरते. म्हणजे खेळाचं नेपथ्य आपोआप पाठीमागून बघून होतं.

मुलाचं म्हणाल तर, तोफांचा आवाज दणक्यात येतो. लहान मुलं एकतर दचकून रडतात नाहीतर दहाव्या मिनिटाला झोपतात. दुसरा खेळ मुळीच घेऊ नका, घरी जायला दहा वाजतात. पाण्याची बाटली बाहेरूनच भरून आणा.

अनाहत_नाद

ध्वनिव्यवस्थेच्या बाजूने थोडं. असे खेळ बसवणं हा आमचा धंदा, त्यामुळे जरा लांबण लागेल.

या प्रकाराची सुरुवात फ्रान्समध्ये शांबोरच्या राजवाड्यात १९५२ ला झाली. आपल्याकडे दिल्लीच्या लाल किल्ल्यात १९६५ पासून. मूळ कल्पना साधी आहे: नट नाहीत, पडदा नाही, वास्तू हेच पात्र. आवाज आधीच वेगवेगळ्या पट्ट्यांवर ध्वनिमुद्रित केलेला असतो आणि प्रत्येक पट्टी वेगळ्या ठिकाणच्या स्पीकरना दिलेली असते. घोडदळ डावीकडून उजवीकडे जातं म्हणजे काय, तर डावीकडचा आवाज उतरतो आणि त्याच वेळी उजवीकडचा चढतो. दिव्यांचंही तसंच. बोलणाऱ्याचे ओठ दिसत नाहीत, म्हणून ज्या कमानीवर उजेड पडतो तिथून आवाज आला असं मन मानून घेतं. डोळा कानाला फसवतो, त्यावरच सगळा खेळ उभा आहे.

आता बसण्याची जागा. कान नेहमी आधी पोचलेल्या आवाजाची दिशा खरी धरतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे दहा मीटरला जवळजवळ ३० सहस्रांश सेकंद. तुम्ही अगदी डाव्या टोकाला बसलात, तर मधल्या आणि उजव्या स्पीकरमधलं सगळं तुम्हाला डावीकडूनच आल्यासारखं वाटणार. घोडे पळतच नाहीत, शेजारी उभे राहून खिंकाळतात. त्यामुळे बसायचं ते रुंदीच्या बरोबर मध्ये.

पुढे की मागे? मागे दगडी भिंत जवळ असेल तर आवाज तिच्यावर आपटून परत येतो. सतरा मीटरवरच्या भिंतीवरून परत यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो, आणि तेवढ्यात निवेदकाचं पुढचं अक्षर आलेलं असतं. व्यंजनं चिखल होतात, इंग्रजी तर कळतच नाही. अगदी पुढची रांगही नको, कारण मान उजवी-डावी करून कमानी बघाव्या लागतात आणि टेकडी नजरेच्या चौकटीत बसत नाही. एक तृतीयांश अंतरावर, मधोमध. आणि स्पीकरच्या खांबाजवळ कधीच नाही.

रेवा_घोडबंदर

खूप उपयोगी! पण तो टाळीचा चमत्कार खरा आहे का? खाली वाजवलेली टाळी वर ऐकू येते म्हणतात.

अनाहत_नाद

खरा आहे, चमत्कार नाही. टाळी हा फार तोकडा आणि धारदार आवाज. घुमटाचा आतला भाग पैलू पाडल्यासारखा आहे, तो आवाज विखरू न देता कमानीच्या तोंडातून बाहेर ढकलतो. बोलणं लांबट आणि मऊ, ते वाटेतच विरतं. म्हणून वर 'काय म्हणालात' ऐकू येत नाही, टाळी येते. गर्दीच्या दिवशी शंभर जण टाळ्या पिटत असतात, तेव्हा कुणाची कुठली ते कळत नाही. कमी गर्दीच्या वारी, वारा पडलेला असताना, एकाने वर जाऊन फोनवर खूण करावी. टाळी वाजल्यापासून ती वर ऐकू येईपर्यंत जितके सेकंद, तितके गुणिले ३४० मीटर अंतर. शाळकरी मुलांना हे करायला लावा.

तटबंदी

यात एक दुरुस्ती जोडतो, कारण नेटवर सगळीकडे चुकीचं आहे. टाळी फतेह दरवाज्यात वाजवायची असं लिहितात. फतेह दरवाजा हा बाहेरच्या तटाचा दरवाजा, ज्याच्यातून तुमची रिक्षा आत येते. त्याखाली उभं राहून टाळी वाजवलीत तर मागचा हॉर्न वाजवेल. वाटाडे टाळी दाखवतात ती तिकीटखिडकीनंतर, बालाहिसार दरवाज्याच्या घुमटाखाली. त्या दरवाज्यासमोर आडवी भिंत का आहे हेही बघा. हत्तीला धावत येऊन दार फोडायला जागा मिळू नये म्हणून ती घातली आहे. दारावरचे खिळेही हत्तीसाठीच.

पंचांगवाले

वेळेबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. अनेक वर्षांचा परिपाठ असा की पहिला खेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी साडेसहाला आणि मार्च ते ऑक्टोबर सातला. हे ऋतूनुसार ठेवलं आहे खरं, पण सूर्य त्याप्रमाणे वागत नाही. हैदराबादला डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्यास्त पावणेसहाच्या आत होतो, म्हणजे साडेसहाला चांगला काळोख. जूनअखेर सूर्यास्त सातला पाच-सात मिनिटं कमी असताना. पूर्ण काळोखाला त्यानंतर पाऊण तास लागतो. म्हणजे जूनमधल्या सातच्या खेळाचा बराचसा भाग फिकट आभाळाखाली जाणार, निळा दिवा दिसणारच नाही. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात साडेसहाच्या खेळाचीही तीच गत.

निष्कर्ष: नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीचा पहिला पंधरवडा असेल तर पहिला खेळ. बाकी वर्षभर दुसरा. पौर्णिमेच्या दोन दिवस इकडेतिकडे टाळा. चांदण्यात किल्ला सुंदर दिसतो, पण खेळातला काळोख पातळ होतो.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक गोष्ट. दिवसभर तापलेले दगड रात्री नऊपर्यंत ऊब सोडत राहतात. सुती कपडे, पंखा, पाणी. डिसेंबरात उलट, खेळ संपताना स्वेटर लागतो.

रेवा_घोडबंदर

आणि पावसाळ्यात?

पंचांगवाले

डोक्यावर छप्पर नाही, वायरी उघड्यावर. जोराची सर आली की थांबवतात. पैसे परत की दुसऱ्या दिवसाचं तिकीट हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्या, नंतर विचारून उपयोग नसतो. आषाढात अजून एक अडचण, पण ती गोडही आहे. बोनालूचा उत्सव शहरात सर्वात आधी इथेच, किल्ल्यातल्या देवीपाशी सुरू होतो. त्या महिन्यात रविवारी आणि गुरुवारी डोक्यावर बोनम (नैवेद्याचा घडा) घेतलेल्या बायकांची रीघ लागते. उत्सव बघायचा असेल तर तोच दिवस निवडा, निवांत किल्ला बघायचा असेल तर तो सोडून कुठलाही.

दख्खनी_दप्तर

आता कथेकडे. कार्यक्रमात इतिहास आणि दंतकथा एकाच दमात, एकाच आवाजात येतात. ऐकायला ते छानच लागतं, पण बाहेर पडताना काय कुठल्या खणात ठेवायचं हे माहीत असावं.

धनगराला टेकडीवर मूर्ती सापडली, काकतीय राजाने मातीचा किल्ला बांधला, ही सुरुवातीची कथा लोकपरंपरेतली. नोंदींचा भाग पुढे सुरू होतो: १३६४ मध्ये किल्ला वरंगळकडून बहमनींकडे, बहमनी राज्य खिळखिळं झाल्यावर १५१८ पासून सुलतान कुली इथला धनी, आणि मग १६८७ पर्यंत कुतुबशाही. मातीच्या जागी दगड आला तो याच घराण्याच्या काळात. बाहेरचा तट सुमारे दहा किलोमीटर, त्यावर ८७ बुरूज, आठ दरवाजे.

भागमती. राजपुत्र मुहम्मद कुली तिला भेटायला पुरात घोडा घालून मूसी नदी ओलांडतो, बाप घाबरून पूल बांधतो, पुढे राजपुत्र तिच्या नावाने शहर वसवतो. खेळातला सर्वात देखणा भाग. पण जुना पूल १५७८ चा. राजपुत्राचा जन्म १५६५ च्या आसपासचा. म्हणजे पूल पुरा झाला तेव्हा प्रियकर बारा-तेरा वर्षांचा! पूल व्यापारासाठी आणि किल्ल्यातली दाटी पलीकडे नेण्यासाठी लागत होता, प्रेमाची गोष्ट त्यावर नंतर चढली. चारमिनार आणि शहर १५९१ चे, हिजरी १००० च्या मुहूर्तावरचे.

मूसाकाठ

म्हणजे भागमती झालीच नाही असं म्हणायचंय का? मग इतिहासकार फरिश्ता काय लिहितो?

दख्खनी_दप्तर

तसं म्हणत नाही. फरिश्ता समकालीन आहे आणि तो तिचा उल्लेख करतो. मुघल आणि मराठी कागदांत हैदराबादचं नाव भागनगर, भागानगर असंच येतं, आपल्या बखरींत तर सर्रास. दुसऱ्या बाजूला तिच्या नावाचं नाणं नाही, शिलालेख नाही, कुतुबशाही कबरींत तिची कबर दाखवता येत नाही. इतिहासकार या दोन ढिगांत वाटले गेले आहेत. पूल प्रेमासाठी बांधला एवढं मात्र तारखांवर टिकत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. किल्ल्यापासून चारमिनारपर्यंतचा भुयारी मार्ग: अशी सलग वाट कुणालाही सापडलेली नाही. नर्तकी तारामतीचं गाणं तिच्या दूरच्या बारादरीतून किल्ल्यावर ऐकू येत असे: वरचा ध्वनीचा हिशोब वाचा आणि ठरवा. 'गोवळकोंड्याच्या खाणी': किल्ल्यात किंवा जवळपास हिऱ्याची खाण नाही. हिरे यायचे कृष्णाकाठच्या कोल्लूरसारख्या ठिकाणांहून. इथे बाजार, पैलू पाडणारे कारागीर आणि खजिना. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये खाणी बघायला कोल्लूरला गेला होता, तिथल्या कामगारांच्या हालांचं वर्णन त्याने केलं आहे. कोहिनूरच्या झगमगाटात तो भाग नेहमीच गळतो.

बार्शीकर

रामदासाच्या गोष्टीबद्दल लिहा ना. दरवेळी आपले लोक समर्थ समजतात आणि वाटाड्याशी हुज्जत घालतात.

दख्खनी_दप्तर

हा भद्राचलम रामदास, मूळ नाव कंचर्ला गोपण्णा. पाल्वंच्याचा तहसीलदार, अक्कण्णा-मादण्णांचा भाचा. सरकारी वसुलीच्या पैशातून भद्राचलमला रामाचं देऊळ उभं केलं म्हणून तानाशहाने बारा वर्षं कोंडला. कोठडीच्या भिंतीवर राम, सीता, लक्ष्मण, मारुती कोरलेले आहेत. वर झरोका एवढाच. कोठडी दिवसाउजेडी बघून घ्या, खेळात रामदासाच्या कीर्तनांचा भाग आला की अंगावर येतं. दंतकथा अशी की राम-लक्ष्मण शिपायांच्या वेषात रात्री तानाशहाकडे आले, सहा लाख मोहरा मोजून पावती घेऊन गेले.

मराठी माणसाला हे ओळखीचं वाटेलच. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात कोठार उघडलं आणि विठू महार बेदरच्या दरबारात थैली रिती करून पावती घेऊन आला, तीच ही जात. देव कर्ज फेडतो आणि पावती घेतो, हा दख्खनचा खास हिशेबी देव आहे. बेदर आणि गोवळकोंडा दोन्ही एकाच बहमनी मुळाच्या फांद्या, कथाही सीमा ओलांडून फिरल्या असतील तर नवल नाही.

यशवंत_दरवाजा

महाराज इथे आले होते ना? येसाजी कंकांनी हत्तीशी झुंज घेतली ती जागा किल्ल्यात कुठे?

दख्खनी_दप्तर

महाराज १६७७ च्या सुरुवातीला, कर्नाटकच्या स्वारीला निघताना भागानगरात आले. महिनाभर मुक्काम, तानाशहाशी करार, मध्यस्थ मादण्णापंत. पण ही भेट शहरात झाली, दादमहालात. तो महाल चारमिनारच्या परिसरात होता, आज उभा नाही. तेव्हा किल्ल्यात ती जागा शोधू नका. पाचशे रुपयांत 'शिवाजी महाराज बसले ती गादी' दाखवणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला. हत्तीची झुंज ही आपल्याकडे आवडीने सांगितली जाणारी आख्यायिका, करार आणि स्वारी हा पक्का इतिहास.

खेळाचं कथानक कुतुबशाहीभोवती फिरतं. मराठी धागा प्रत्येकाने आपापल्या वाचनातून विणून न्यायचा.

तटबंदी

शेवटचा वेढा मात्र खेळात नीट ऐका, तिथे दंतकथेची गरजच पडत नाही. औरंगजेब १६८७ च्या सुरुवातीला येऊन बसला तो जवळजवळ आठ महिने. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांनी उलट खणत जाऊन दारू काढून घेतली, पाणी भरलं. बत्ती दिली तेव्हा स्फोट मुघलांच्याच अंगावर आला. रात्री शिड्या लावून चढणाऱ्यांवर एक कुत्रा भुंकला आणि बेत फसला. तानाशहाने त्याला सोन्याची साखळी घातली, असं मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. वर पाऊस, खाली छावणीत दुष्काळ आणि रोगराई. एवढं करून किल्ला पडला तो फितुरीने, सप्टेंबरात. किल्ल्यातल्याच अब्दुल्लाखान पन्नी या सरदाराने आतून खिडकी उघडली.

तानाशहाचा सरदार अब्दुर्रझाक लारी एकटा तलवार घेऊन भिडला, सत्तरएक जखमा घेऊन पडला, आणि औरंगजेबाने त्याच्यावर आपले हकीम लावून त्याला वाचवलं.

चढताना बारादरीवरून पेटला बुरूज कुणाला तरी दाखवायला सांगा. वेढ्याचा बहुतेक मारा तिकडे झाला. तटाला लागून जी वेगळी टेकडी तटात घेतलेली दिसते ती नया किल्ला. तिच्यावरून तोफा डागता येतील हे ध्यानात आल्यावर अब्दुल्ला कुतुबशहाने ती आत घेतली.

स्पष्टवक्ता

सगळं छान, पण धाग्यात कुणीतरी हेही म्हणायला हवं: हा खेळ आता जुना वाटतो. लाल किल्ल्यात २०२३ पासून 'जय हिंद' चालू आहे. भिंतींवर चित्रं हलतात, जिवंत कलाकार नाचतात, प्रेक्षक एका वास्तूपुढून दुसऱ्या वास्तूपुढे चालत जातात. त्यापुढे इथे लाल-निळे दिवे. तासभर डास चावून घेण्यापेक्षा चांगला वाटाड्या करून दोन तास किल्ला बघा आणि उरलेल्या वेळात कुतुबशाही कबरी. २०१३ पासून आगाखान ट्रस्टने त्यांची डागडुजी केली आहे, हमाम आणि विहिरी बघण्यासारख्या झाल्या आहेत.

अनाहत_नाद

@स्पष्टवक्ता, कबरींबद्दल पूर्ण सहमत, त्या सोडूच नयेत. खेळाबद्दल नाही. भिंतीवर चित्र हलायला लागलं की भिंत पडदा होते, ती कुठली आहे याने फरक पडत नाही. इथे दिवे कमी आहेत म्हणूनच राणीमहालाची प्रत्येक कमान कमान म्हणून दिसते. कोनाड्यात उजेड पडतो तेव्हा पणती ठेवण्याची जागा कळते. हां, एखादा दिवा गेलेला असतो, एखादा स्पीकर खरखरतो, हे खरं. देखभाल हा या सगळ्या खेळांचा शाप आहे, शनिवारवाड्यापासून सगळीकडे. उघड्यावरच्या जोडण्यांत पाणी शिरतं, उंदीर वायरी खातात, आणि ध्वनी बसवणारा माणूस बसवून गेल्यावर परत कुणी पातळ्या तपासत नाही. निवेदन पुसट येत असेल तर पहिल्या पाच मिनिटांत कर्मचाऱ्याला सांगा, आवाज वाढवतात. मध्यावर सांगितलं तर कुणी हलत नाही.

स्पष्टवक्ता

मत मत आहे. पण पाच मिनिटांचा मुद्दा उत्तम.

बार्शीकर

फोटोंसाठी काही? आणि जाण्यायेण्याचं?

मूसाकाठ

फोटो: फ्लॅश बंद ठेवा. ऐंशी मीटरवरची कमान फ्लॅशने उजळत नाही, फक्त पुढच्या माणसाचं टक्कल उजळतं. तिवई परवानगीशिवाय आणू देत नाहीत. मोबाइलचा रात्रीचा मोड लावून कोपर मांडीवर टेकवा, आणि दिव्यांचा रंग स्थिर झाला की मगच बटण दाबा. पहिल्या दहा मिनिटांत काय ते काढून घ्या आणि फोन खिशात घाला, मागच्यांना त्याचा उजेड डोळ्यात जातो.

जाणं-येणं: किल्ल्यापर्यंत मेट्रो नाही. रायदुर्गला उतरून रिक्षा, किंवा मेहदीपट्टणमहून सिटी बस. गाडीने जाणाऱ्यांनी फतेह दरवाजा लक्षात ठेवावा. दरवाजा मुद्दाम वळणाचा, शत्रूला अडवायला. आता तो पाण्याचा टँकर, शाळेची बस आणि तुमची टॅक्सी यांना अडवतो. संध्याकाळी पाच ते सात तिथे एकेक गाडी सुटते. कबरींकडून येत असाल तर बंजारा दरवाज्याची बाजू बरी. सिकंदराबाद स्टेशनपासून संध्याकाळच्या रहदारीत दीड तास धरा. म्हणून पुण्याहून दुपारी गाडी पोचते त्याच दिवशी हा बेत ठेवू नका, दुसऱ्या दिवशी ठेवा.

परतीची रिक्षा येतानाच ठरवा. दुसऱ्या खेळानंतर बाहेर मोजक्या रिक्षा असतात आणि त्या मीटरचं नाव काढत नाहीत. ॲपवाली गाडी बोलवायची तर दाराशी न बोलावता रस्त्याला थोडं पुढे चालत येऊन बोलवा, आतल्या गर्दीत चालक सरळ रद्द करतात. शुक्रवारी सालारजंग संग्रहालय आणि चौमहल्ला राजवाडा बंद, तेव्हा शुक्रवार किल्ल्याला द्यावा.

शमिका_पुणे

सगळ्यांचे आभार. डिसेंबरचा दुसरा आठवडा, पहिला खेळ, मधली जागा, ठरलं. इंग्रजी सासूबाईंना कळणार नाही, हा एक प्रश्न राहतो.

तटबंदी

मग त्या दिवशी हिंदी आहे का विचारून दुसरा घ्या आणि मुलाला दुपारी झोपवून आणा. हिंदी नसेल तर पहिलाच बरा. निवेदन संथ आहे आणि निम्मा भार गाण्यांवर आहे. दुपारी पायथ्याशी बसल्या बसल्या त्यांना रामदास, भागमती आणि वेढा एवढ्या तीन गोष्टी सांगून ठेवा, तेवढ्यावर त्या पूर्ण खेळ समजून घेतील.

यशवंत_दरवाजा

तानाशहाचं पुढे काय झालं? खेळ तर किल्ला पडल्यावर संपतो.

दख्खनी_दप्तर

त्याला आपल्याकडे आणलं. दौलताबाद किल्ल्यातल्या चिनीमहालात कैद आणि सालिना तनखा, मरेपर्यंत. म्हणूनच गोवळकोंड्याच्या कबरींत गादीवरच्या या शेवटच्या सुलतानाची कबर नाही. ती खुलताबादला आहे, सूफी संत शाह राजू कत्ताल यांच्या दर्ग्यासमोर. औरंगजेबाची कबरही खुलताबादलाच.

छत्रपती संभाजीनगरकडून जाणाऱ्यांनी देवगिरी एक्सप्रेसने हैदराबाद गाठायच्या आधी किंवा नंतर एक दिवस तिकडे काढावा. चिनीमहाल चांदमिनारच्या पुढे, अंधारी (काळोखी भुयारी वाट) आणि बारादरीच्या चढाच्या बऱ्याच आधी लागतो, त्यामुळे गुडघेवाल्यांनाही जमतो. निळ्या चिनी फरश्यांचे तुकडे दर्शनी भिंतीवर अजून दिसतात. सकाळी लवकर जा. वेरूळच्या सहली दुपारी तिकडे वळतात आणि मग गाडी लावायला जागा मिळत नाही.